जाळरेषा कोणी काढायची?



जंगलाला आग लागली की सरकार दोन कामे करते. आधी गावावर संशय घेते आणि मग त्याच गावाला आग विझवायला बोलावते. आरोपीही आपणच आणि बंबही आपणच.

हा विनोद नाही, कायदा आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा उघडून बघा. कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा. नियम मोडून जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणे किंवा जळती सोडून जाणे, हाही गुन्हा. जंगल जाळणाऱ्याला शिक्षा व्हावी याबद्दल आपले काही म्हणणे नाही. पण त्याच कलमात पुढे असेही लिहून ठेवले आहे की, कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली तर राज्य सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क वाटेल तितके दिवस स्थगित करू शकते. काडी ओढायची एकाने आणि गुरे उपाशी मरायची साऱ्या गावाची! कलम ७९ म्हणते की ज्यांना जंगलात गुरे चारण्याचा किंवा वनोपज घेण्याचा हक्क किंवा परवाना आहे, त्यांनी आगीची खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला धावले पाहिजे. योग्य कारण नसताना जो धावणार नाही त्याला शिक्षा.

आता उलट बाजू पाहू. जंगलातली आग धुरा ओलांडून शेतात आली, कडब्याची गंजी गेली, गोठा गेला, ठिबकच्या नळ्या वितळल्या, बांधावरची आंब्याची झाडे होरपळली, तर काय? शेताच्या कडेने जंगल साफ ठेवण्याचे बंधन खात्यावर आहे काय? या कायद्यात त्याबद्दल एक ओळ नाही. शेतकऱ्याची जबाबदारी कलमांनी बांधलेली, सरकारची जबाबदारी मात्र मोकाट सोडलेली.

म्हणून या लेखाचा प्रश्न साधा आहे. जंगल आणि शेत यांच्यामधली जाळरेषा कोणी काढायची, कधी काढायची, मजुरी कोणी द्यायची आणि काम चुकले तर नुकसान कोणी भरायचे?

जाळरेषा म्हणजे काय हे जंगलाकाठच्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. थंडीत, गवत अर्धे वाळलेले आणि रात्री दव पडत असताना, ठरलेल्या रुंदीचा पट्टा साफ करून माणसे उभी करून जाळायचा. पुढे उन्हाळ्यात वणवा आला की त्या पट्ट्याशी त्याला खायला काही मिळत नाही आणि तो थांबतो. आगीने आग थांबवायची, असा हा प्रकार. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. त्याआधी जाळरेषा झाली तर ती कामाची. एप्रिलमध्ये काढली तर ती फक्त मोजमाप वहीत दाखवायची.

आणखी एक गोष्ट. सागाचे जंगल सगळी पाने एका दिवशी गाळत नाही. जानेवारीत जाळलेल्या पट्ट्यावर मार्चपर्यंत पुन्हा पाचोळ्याचा थर बसतो. एकदा जाळून बिल काढले म्हणजे काम संपले असे होत नाही. तो पट्टा पुन्हा झाडावा लागतो. शेतात एकदा निंदण केले की पुढचे तण आपोआप थांबते काय? तसेच हे. आज उपग्रहावरून आग दिसली की मोबाइलवर संदेश येतो. चांगली गोष्ट आहे. पण उपग्रह पाचोळा झाडत नाही. संदेश येतो तो आग लागल्यावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे होऊ नये म्हणून जे काम करायचे ते आधी करायचे असते, आणि ते करणारी माणसे गावात राहतात.

आता कोणी शहाणा म्हणेल, आग ती आगच, ती पूर्ण बंद का करत नाही? जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाने हे करून बघितले आहे. त्याचा हिशेब आपण वाचू.

अमेरिकेच्या पश्चिम भागात पाइनची मोठी जंगले आहेत. तिथले मूळ रहिवासी, युरोक, कारुक आणि अशा कितीतरी जमाती, शेकडो वर्षे ठरावीक हंगामात लहान लहान आगी लावून रान मोकळे ठेवत. कोरड्या भागातल्या पाइनच्या रानात काही वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची आग फिरून जाई. गवत-काटक्या जळत, मोठे झाड टिके. गोरे सरकार आले. कॅलिफोर्नियात १८५० साली मूळ रहिवाशांसाठी म्हणून जो कायदा झाला त्यात गवताळ रान पेटवणे आणि पेटलेले रान विझवायला नकार देणे, दोन्ही दंडनीय केले. आपल्या कलम २६ आणि कलम ७९ ची ही सख्खी भावंडेच म्हणायची! १९१० साली आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि विझवणाऱ्यांपैकी कितीतरी माणसे मेली. त्या धास्तीने वनखात्याने आगीविरुद्ध युद्धच पुकारले. १९३५ साली फर्मान निघाले की कोणतीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. जे शेतकरी आणि गुराखी हलकी आग लावून रान साफ ठेवावे असे सांगत, त्यांची एका आदिवासी जमातीच्या नावाने हेटाळणी झाली. विज्ञान म्हणे खात्याकडे, अडाणीपणा गावाकडे.

झाले काय? लहान आगी विझल्या. पण न जळलेला पाचोळा, काटक्या, दाटीने उगवलेली खुरटी रोपे, हे सगळे वर्षानुवर्षे साचत गेले. दोन पिढ्या सरकारने आग विझवली नाही, साठवली. मग दुष्काळ आणि वारा एकत्र आले की जी आग लागते ती जमिनीवर राहत नाही, शेंड्यावर चढते. १९७० च्या दशकात खात्याने ते दहा वाजताचे फर्मान मागे घेतले. आता तिथे विरळणी आणि नियंत्रित जाळणे यांवर सरकार पैसे खर्च करते आहे. जे काम गावकरी फुकट करत होते, ते आधी गुन्हा ठरवले आणि शंभर वर्षांनी योजना म्हणून परत आणले.

विरळणी हा शब्द आपल्याला शिकवायची गरज नाही. ज्वारी उगवून दहा-पंधरा दिवस झाले की आपण दाट रोपे उपटतो. सगळी ठेवली तर कोणतेच नीट वाढत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. जंगलाचेही तेच. पण विरळणीत एक मेख आहे. आपण ज्वारी विरळताना रोगट, किरकोळ रोप काढतो आणि जोमदार ठेवतो. जंगलात ठेकेदाराच्या हाती विरळणी दिली की त्याची नजर जाड खोडावर जाते, कारण पैसा तिथे आहे. खुरटी दाटी त्याला नको असते. म्हणजे जे काढायचे ते राहते आणि जे राखायचे ते ट्रकमध्ये बसते.

दुसरी मेख त्याहून मोठी. नुसती विरळणी करून फांद्या, डहाळ्या तिथेच टाकल्या तर आगीला चारा वाढतो, कमी होत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओरेगॉन राज्यात बूटलेग नावाचा वणवा लागला, चार लाख एकरांवर पसरला. तिथे सायकन मार्श नावाच्या राखीव भागात काही तुकड्यांत विरळणी करून नंतर नियंत्रित आगही फिरवलेली होती. काही तुकड्यांत नुसती विरळणी होती. काही तसेच सोडलेले. वणवा तिथे पोचला तेव्हा विरळणी आणि आग दोन्ही झालेले तुकडे सगळ्यांत चांगले वाचले. नुसते विरळलेले तेवढे वाचले नाहीत. धसकटे वेचल्याशिवाय वखरणी पुरी होत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

पण अमेरिकेचे उदाहरण द्यायचे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात वनखात्याने स्वतः ठरवून लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. जानेवारीत जाळलेल्या लाकडांच्या ढिगातली धुमसती आग पुन्हा पेटून तिला येऊन मिळाली. तीन लाख चाळीस हजार एकरांहून जास्त रान जळाले. त्या राज्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा वणवा. जळाले कोणाचे? डोंगरातल्या जुन्या गावांतल्या लहान शेतकऱ्यांची आणि पशुपालकांची घरे, कुरणे आणि त्यांचे पिढीजात पाट. खात्याने लावलेल्या आगीत शेतकरी गेला. पण फरक पुढे आहे. सरकारने आग आपली असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी संसदेने भरपाईचा खास कायदा केला आणि सुरुवातीलाच अडीच अब्ज डॉलर ठेवले. पैसे वाटताना तिथेही कागद, दिरंगाई आणि तक्रारी झाल्याच. नोकरशाही सगळीकडची सारखी. तरी 'आग आमची, नुकसान आम्ही भरणार' एवढे सरकारच्या तोंडून वदवून घेतले गेले. कॅलिफोर्नियाने तर आणखी एक पाऊल टाकले. २०२१ च्या कायद्याने, प्रशिक्षित माणसाने किंवा परंपरेने आग लावणाऱ्या आदिवासी जाणकाराने रीतसर नियंत्रित आग लावली आणि ती सुटली, तर घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय विझवण्याचा खर्च त्याच्या डोक्यावर बसत नाही. पाठोपाठ नुकसान भरण्यासाठी दोन कोटी डॉलरचा निधीही ठेवला. अधिकार, जबाबदारी आणि पैसा या तिन्ही गोष्टी एका जागी आणल्या, तेव्हा कुठे काम पुढे सरकले.

आता आपल्याकडे या. हे वाद आपल्या देशाला नवे आहेत असे कोणी समजू नये. इंग्रजांनी मध्य प्रांतात सातपुड्याच्या बोरी जंगलात १८६० च्या दशकात आगबंदीचा पहिला मोठा प्रयोग केला. नागपूर आणि चांदा त्याच मध्य प्रांतात होते, म्हणजे प्रयोग आपल्या दारातच झाला. पुढे तोच नियम ब्रह्मदेशापर्यंत गेला. तिथे ओलसर सागाच्या जंगलात आग बंद केल्यावर नवे सागाचे रोपच येईना, झुडूप आणि बांबू माजले. १८९६ साली एका इंग्रज वनाधिकाऱ्याने खात्याच्याच मासिकात लिहिले की ब्रह्मदेशात आगबंदीचा अतिरेक झाला आहे. आसाम-बंगालच्या सालाच्या जंगलातही तोच अनुभव आला आणि थंडीत लवकर जाळण्याची पद्धत साहेबांना परत आणावी लागली. साहेबाला जे तीस-चाळीस वर्षांत कळले, ते १९२७ च्या कायद्यात मात्र गावाच्या बाजूने उतरले नाही. आग लावण्याचा अधिकार खात्याने स्वतःकडे ठेवला; गावाकडे ठेवला तो फक्त गुन्हा.

कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. ते थंडीच्या शेवटी जमिनीवरची हलकी आग फिरवत. १९७४ साली अभयारण्य झाले आणि आग बंद झाली. त्यांचे म्हणणे असे की आग बंद झाल्यावर घाणेरीने सारे रान व्यापले. आपल्याकडे कुठे टणटणी तर कुठे रायमुनिया म्हणतात तीच ती. संशोधकांनी त्यांचे हे म्हणणे तपासून लिहून काढले आहे. गवत गेले की गुरांचा चारा गेला, हरणांचाही गेला. मग रोही आणि डुक्कर कुठे चरायला येतात हे कापूस-ज्वारीवाल्यांना सांगण्याची गरज नाही.

इथे सावध राहायला हवे. याचा अर्थ 'जाळा जंगल' असा कोणी घेऊ नये. विदर्भाचे सागाचे जंगल म्हणजे अमेरिकेचे पाइन नव्हे. तिथे आग कमी पडली म्हणून बिघडले. आपल्याकडे आग अवेळी पडते म्हणून बिघडते. आपल्याकडे वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत पळतो, आणि तो लागतो माणसाच्या हातूनच. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून झुडपे जाळतात. विडीचे थोटूक पडते. हे होते मार्च-एप्रिलमध्ये, सगळे कडक वाळलेले असताना. मग सालोसाल त्याच रानात तीच आग फिरते. सागाचे, आवळ्याचे, चारोळीचे रोप गुडघाभर होत नाही तोच जळते. जानेवारीत भल्या सकाळी माणसे उभी करून जाळलेला पट्टा वेगळा आणि एप्रिलमध्ये भर दुपारी सोडलेली आग वेगळी. एक काम आहे, दुसरी नासाडी आहे. दोन्हींना एकाच गुन्ह्याच्या खात्यात टाकणारा कायदा आंधळा आहे.

तेंदूचा हिशेबही बघा. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारने हाती घेतला. पाने तोडणाऱ्याला शेकड्याचा दर. झुडूप पुढच्या वर्षी जगले काय, मेले काय, त्याच्या हाती त्याचे काही नाही. जे आपले नाही ते राखायचे कोणी? मग काडी ओढणे सगळ्यांत स्वस्त. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे चित्र पालटण्याची वाट उघडली. त्यात गावाला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली असा हक्क मिळाला आणि २०११ साली त्यांनी आपला बांबू आपल्या परवान्याने विकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणेच बंद करायचे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि रान पेटवावे लागते. बांबूतून पैसा येत होता, तो त्यांना पुरेसा वाटला. वनरक्षकाची गस्त जे करू शकली नाही ते मालकीने केले. आग कमी करण्याचा सगळ्यात मोठा उपाय बंबात नाही, सातबाऱ्यासारख्या एका कागदात आहे.

पण वनहक्क कायद्यातही जाळरेषेचे काम कोणाचे, हे स्पष्ट लिहिलेले नाही. ग्रामसभेने आराखडा करायचा आणि आग लावायला मात्र खात्याच्या माणसाची वाट बघायची, अशी त्रिशंकू अवस्था आहे. ज्याला वारा कुठून फिरतो, कोणत्या नाल्यात ओल टिकते, कोणत्या टेकडीवर गवत आधी वाळते हे ठाऊक आहे, त्याने हात बांधून बसायचे.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपला धुराही बघितला पाहिजे. पेरणीआधी धुऱ्यावरचे गवत आणि पऱ्हाट्या पेटवायची आपली रीत आहे. मे महिन्याच्या दुपारी पेटवून आपण घरी जेवायला जातो. वारा फिरला की ती आग शेजाऱ्याच्या गंजीत नाही तर जंगलात. मग आपणच खात्याच्या हाती कोलीत देतो. जंगलाला लागून ज्यांची शेते आहेत त्यांनी तरी ठरवावे: धुरा जाळायचा तो थंडीतच, सकाळी, शेजाऱ्याला सांगून, पाण्याचा ड्रम आणि चार माणसे सोबत घेऊन, आणि राख थंड झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. जो हे पाळेल त्यालाच खात्याला जाब विचारण्याचे तोंड आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडू या.

पहिली: शेत आणि जंगल यांच्या सीमेवरची जाळरेषा दरवर्षी १५ फेब्रुवारीच्या आत पूर्ण व्हावी आणि पानगळ संपेपर्यंत झाडून ठेवावी. हे काम ठेकेदाराला नव्हे, त्या गावच्या ग्रामसभेला द्यावे आणि त्याची मजुरी रोख व वेळेवर मिळावी.

दुसरी: कोणत्या दिवशी कुठे जाळणार ते आठ दिवस आधी गावच्या फळ्यावर लिहावे. रेषा पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर खात्याच्या सहीबरोबर ग्रामसभेचीही सही लागावी. ग्रामसभेची सही नसेल तर बिल निघू नये.

तिसरी: जंगलातून आलेल्या आगीने शेतकऱ्याचे नुकसान झाले तर पंचनामा करून भरपाई द्यावी, हे कायद्यात लिहावे. जाळरेषा काढलेली नसेल तर जबाबदारी खात्याची, हे गृहीत धरावे.

चौथी: ग्रामसभेने रीतसर आराखड्याप्रमाणे, हंगामात, माणसे उभी करून लावलेली आग हा गुन्हा नसावा. घोर निष्काळजीपणा असेल तर जरूर कारवाई करावी.

पाचवी: एकाच्या काडीसाठी साऱ्या गावाची चराई बंद करणारे कलम २६ चे पोटकलम रद्द व्हावे.

सहावी: घाणेरी आणि खुरटी दाटी काढण्याचे काम गावाला द्यावे, निघालेले लाकूड-जळण गावाचे असावे आणि मोठ्या झाडाला हात लावू नये.

यातली एकही मागणी भिकेची नाही. काम करू, दाम द्या. चूक तुमची असेल तर भरा, आमची असेल तर आम्ही भोगू. कोणत्याही दोन शेजाऱ्यांमध्ये एवढा व्यवहार असतोच. जंगलखाते आपला शेजारी आहे, सावकार नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक जंगलकाठच्या गावाने एक कागद लिहून आणावा: जंगलाला लागून किती शेतकऱ्यांचे कोणते गट आहेत, मागच्या हंगामात तिथे जाळरेषा झाली होती काय, कोणत्या महिन्यात झाली, आणि गेल्या पाच वर्षांत कोणाचे काय जळाले. मोघम तक्रार साहेब ऐकून घेतात आणि विसरतात. गट नंबरासह लिहिलेला कागद त्यांना विसरता येत नाही. हे कागद एकत्र करून वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊ या. आग लागल्यावर धावायचे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. या वेळी आधी जाऊ.